विल्यम विल्बरफोर्स : एक चिवट संसदपटू

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडील हल या बंदरात, एका सधन व्यापारी घराण्यात, २४ ऑगस्ट १७५९ रोजी विल्यम विल्बरफोर्स यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. मात्र पैशाची ददात नव्हती. केंब्रिजमधील त्यांचे दिवस अभ्यासापेक्षा मित्रमंडळींतच अधिक गेले. विल्यम पिट यांच्याशी त्यांचा स्नेह त्याच काळात जुळला. १७८० मध्ये, वयाची एकवीस वर्षे पूर्ण होताच, विल्बरफोर्स हलमधून पार्लमेंटवर निवडून आले. या निवडणुकीत त्यांनी आठ हजार पौंडांहून अधिक खर्च केला. मतदारांना मेजवान्या व पैसे देणे हा त्या काळी रिवाजच होता! तेव्हापासून १८२५ पर्यंत, म्हणजे सलग पंचेचाळीस वर्षे, ते कॉमन्स सभागृहात होते. पिट अवघ्या चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाले. विल्बरफोर्स यांनी मात्र मंत्रिपद कधीच भूषविले नाही.

त्या काळी इंग्लंडच्या समृद्धीचा एक मोठा आधार गुलामांचा व्यापार हा होता. लिव्हरपूल, ब्रिस्टल, लंडन येथून जहाजे कापड, बंदुका व दारू घेऊन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जात. तेथे त्या मालाच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. साखळदंडांनी जखडलेली ही माणसे जहाजाच्या तळाशी दाटीवाटीने कोंबून वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवर नेली जात. कित्येक वाटेतच मरत. परतीच्या प्रवासात जहाजात साखर असे. ही साखर चहात घालणाऱ्या सामान्य इंग्रजाला तिच्यामागील क्रौर्याची फारशी कल्पना नव्हती.

१७८७ मध्ये हा व्यापार बंद करण्यासाठी लंडनमध्ये बारा जणांची एक समिती स्थापन झाली. त्यांपैकी नऊ जण क्वेकर पंथाचे होते. शपथ घेणे या पंथाला निषिद्ध असल्याने क्वेकरांना पार्लमेंटमध्ये बसता येत नसे. म्हणून सभागृहात बोलणारा माणूस त्यांना हवा होता. समितीचे एक सदस्य टॉमस क्लार्कसन बंदरोबंदरी हिंडून खलाशांच्या साक्षी गोळा करीत, बेड्या व इतर साधने पुरावा म्हणून आणीत. हा पुरावा सभागृहापुढे मांडण्याचे काम विल्बरफोर्स यांनी पत्करले.

१२ मे १७८९ रोजी ते सुमारे साडेतीन तास बोलले. भाषण गाजले, पण सभागृहाने आणखी साक्षी हव्यात म्हणून निर्णय पुढे ढकलला. व्यापाराच्या पाठीराख्यांनी वेळकाढूपणाचे हे हत्यार पुढेही अनेकदा वापरले. १७९१ मध्ये अखेर मतदान झाले, तेव्हा बाजूने ८८ आणि विरुद्ध १६३ मते पडली. पुढच्याच वर्षी देशभरातून ५१९ अर्ज पार्लमेंटकडे आले. त्या दबावामुळे ठराव संमत झाला खरा, पण त्यात ‘क्रमाक्रमाने’ हा एक शब्द घुसविण्यात आला आणि त्या एका शब्दाने सारे काम लांबणीवर पडले. त्यानंतर फ्रान्सशी युद्ध सुरू झाले. सुधारणेची भाषा करणारा प्रत्येक जण आता संशयास्पद ठरू लागला.

१७९६ चा पराभव सर्वांत जिव्हारी लागणारा होता. विधेयक तिसऱ्या वाचनापर्यंत पोहोचले आणि ७० विरुद्ध ७४ मतांनी, केवळ चार मतांनी, पडले. बाजूचे काही सदस्य त्या रात्री गावाला गेले होते, तर काही नव्या संगीत नाटकाला गेले होते!

तरीही विल्बरफोर्स यांनी प्रयत्न सोडला नाही. दृष्टी अधू, पोटाचा जुनाट विकार, अशा स्थितीतही ते पुन्हा पुन्हा प्रस्ताव आणीत राहिले. १८०६ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती योजली. परकीय वसाहतींना गुलाम पुरविण्यास ब्रिटिश जहाजांना बंदी करणारे विधेयक युद्धकाळातील उपाय म्हणून मांडण्यात आले. विरोधक सावध होऊ नयेत म्हणून विल्बरफोर्स हेतुपुरस्सर मागे राहिले. या कायद्याने व्यापाराचा मोठा भाग आधीच छाटला गेला. २३ फेब्रुवारी १८०७ रोजी मुख्य विधेयकाच्या बाजूने २८३ आणि विरुद्ध अवघी १६ मते पडली. सभागृह उभे राहून त्यांचा जयजयकार करीत असताना त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. २५ मार्च रोजी कायदा झाला.

हे यश एकट्या विल्बरफोर्स यांचे नव्हे. स्वतः गुलामी भोगलेल्या इक्वियानो यांचे आत्मचरित्र आणि हैतीतील गुलामांचे बंड यांनीही जनमत हलविले होते. शिवाय गुलामांसाठी झटणाऱ्या याच माणसाने, मायदेशातील मजुरांना संघटना करण्यास मनाई करणाऱ्या १७९९ च्या कायद्याला पाठिंबा दिला, ही विसंगतीही नोंदवली पाहिजे.

व्यापार थांबला, तरी मळ्यांवरील गुलाम गुलामच राहिले. त्यांच्या मुक्तीच्या लढ्याचे नेतृत्व विल्बरफोर्स यांनी टॉमस बक्स्टन यांच्याकडे सोपविले. २६ जुलै १८३३ रोजी मुक्तीचे विधेयक संमत होणार हे निश्चित झाल्याची वार्ता त्यांना रुग्णशय्येवर कळली आणि २९ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना काहीच दिले नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूखही त्यातून वगळण्यात आला होता. हिंदुस्थानात गुलामगिरीला कायद्याचा आधार नाकारला जाण्यास १८४३ साल उजाडावे लागले.