माशांची शिरगणती आणि डॉ. सुखात्मे

समुद्रात देवमासे किती उरलेत? प्रश्न सोपा वाटतो, पण तिथे रोल नंबर नसतात आणि प्रेझेंटीही लागत नाही. मग विसाव्या शतकात बेसुमार मारलेले देवमासे आता पुन्हा वाढतायत, असं जे सांगतात ते कशाच्या जोरावर? हे शोधता शोधता मी पोचलो थेट सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या एका माणसापर्यंत. त्यांनी देवमासा कधी मोजला नाही. पण सगळं मोजणं शक्य नसतं तेव्हा थोडकं मोजून खरं कसं काढायचं, यातच त्यांचं आयुष्य गेलं.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म २७ जुलै १९११. १९३२ साली फर्ग्युसनमधून गणिताची पदवी, मग लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, १९३६ ला पीएच.डी. १९४० पासून दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत. इथवर स्कॉलर पोरांचं असतं तसंच. खरी गंमत पुढे आहे.

तेव्हा गावात पीक किती आलं हे आणेवारीवर ठरायचं. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, चार आणे म्हणजे बोंब. आणि हे नुसतं नजरेनं! शेतसाऱ्याची सूट त्यावर अवलंबून, त्यामुळे नजर कुणाची आणि ती कुणीकडे वळलेली, यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. सुखात्म्यांनी त्याऐवजी चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडायची, त्यातली शेतं निवडायची, शेतातला ठरावीक तुकडा कापायचा आणि धान्य वजन करायचं, ही पद्धत देशभर रुजवली. त्यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. पीकविम्याची भरपाई ठरवताना हे प्रयोग आजही होतात.

यात त्यांचा वाद झाला तो साक्षात महालनोबिसांशी. कोलकात्याची मंडळी अगदी लहान तुकडे कापत. सुखात्म्यांचं म्हणणं, लहान तुकड्यात उत्पन्न फुगून दिसतं. आपल्याला हे चटकन कळेल: वर्तुळाची त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळ पाव होतं, पण परीघ निम्माच होतो. म्हणजे आतल्या पिकाच्या मानानं काठावरची रोपं जास्त. आणि काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. यात लबाडी नाही, पण चूक दरवेळी एकाच दिशेला होते. ती सरासरी काढून जात नाही. १९४६ मध्ये त्यांनी हे ‘नेचर’मध्ये छापलं. मला त्यांचं सगळ्यात आवडलेलं काम हेच.

मग आला समुद्र. मी राहतो कसबा पेठेत, तिथून गणेश पेठेतला मासळी बाजार चालत जाण्याइतका जवळ. आज माल किती आला हे चार गाळ्यांवर विचारा, चार आकडे मिळतील. किनाऱ्यावर तर शेकडो ठिकाणी होड्या लागतात, पहाटे, रात्री, कधीही. १९५० च्या सुमारास मलबार किनाऱ्यावर पाहणी झाली. कोणत्या बंदरावर, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी माणूस उभा राहील आणि कितव्या होडीची मासळी तपासेल, हे आधीच ठरवायचं. वि. गो. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री यांच्यासोबत त्यांनी ही पद्धत १९५८ मध्ये प्रसिद्ध केली.

तोवर ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. देवमाशांचा धागा इथे जुळतो. १९६० मध्ये देवमासे आयोगानं तीन शास्त्रज्ञांची समिती नेमली. त्यातले सिडनी होल्ट याच संघटनेचे. जहाजांना दिवसामागे किती देवमासे सापडतात हे घसरत चाललेलं पाहून समितीनं धोक्याची सूचना दिली. आजच्या अंदाजानुसार दक्षिण ध्रुवाजवळचे निळे देवमासे शिकारीपूर्वी सुमारे २,३९,००० होते, १९७३ मध्ये जेमतेम ३६० उरले, १९९८ पर्यंत २,२८० च्या आसपास झाले. अलीकडचे आकडे जहाजावरून ठरलेल्या सरळ रेषेत जाऊन, दिसतील तेवढे मोजून काढतात. पण पूर्वी किती होते हे काढायला मारलेल्यांचा हिशेब लागतो. आणि सोव्हिएत जहाजांनी पावणेदोन लाखांहून जास्त देवमासे लपवले होते! हे १९९३ नंतर उघड झालं आणि कित्येक गणितं पुन्हा मांडावी लागली. आणेवारीचाच मोठा भाऊ.

१९६१ मध्ये सुखात्म्यांनी जगातल्या उपाशी माणसांचा अंदाज मांडला: १० ते १५ टक्के. तेव्हा दोन तृतीयांशपर्यंतचे आकडे बोलले जात. १९६३ ला त्यांना रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचं गाय पदक मिळालं, १९७१ ला पद्मभूषण. निवृत्तीनंतर पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांनी हाच विषय धरला. सबमिशनच्या रात्री आपण एका वडापाववर काढतो आणि रविवारी मेसची फीस्ट हाणतो. शरीर जुळवून घेतं. म्हणून सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी, असं धरू नका, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पाणी घाण आणि पोटात जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही, तेव्हा स्वच्छतेकडेही बघा.

यावर डॉ. गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी कडाडून टीका केली. रेघ खाली ओढली की कागदावर गरिबी कमी होते आणि रेशनला कात्री लावायला सरकार मोकळं. मला स्वतःला गणित सुखात्म्यांचं पटतं, भीती मात्र टीकाकारांची खरी वाटते. रेघेच्या काठावर इथे रोप नाही, माणूस उभा आहे. २८ जानेवारी १९९७ ला सुखात्मे गेले, तेव्हाही हा वाद चालूच होता.