लार्बी बेन बारेक : दोन देशांचा खेळाडू, एकाकी अखेर

2022 च्या कतार वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोचा संघ सेमीफायनलला पोहोचला, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी रात्र जागून ती मॅच पाहिली. समोर फ्रान्स होता. मोरोक्को 2-0 ने हरला, पण सेमीफायनल खेळणारा आफ्रिकेतला पहिला संघ म्हणून इज्जत कमावून परतला. आपल्या मुलांना या संघातल्या खेळाडूंची नावं तोंडपाठ आहेत. पण एक जमाना असा होता की मोरोक्कोला स्वतःचा संघच नव्हता, आणि तिथल्या सर्वात मोठ्या खेळाडूला फ्रान्सची जर्सी घालून खेळावं लागलं. त्यांचं नाव लार्बी बेन बारेक.

त्यांचा जन्म कासाब्लांकाचा. अरबीत या शहराला दारुल बैझा, म्हणजे पांढरं घर म्हणतात. जन्माचं साल काही ठिकाणी 1914 तर काही ठिकाणी 1917 असं मिळतं. गरिबाघरच्या पोराच्या जन्माची नोंद तेव्हा कोण नीट ठेवणार? आईवडिलांचं छत्र लवकर हरपलं. मोरोक्कोवर 1912 पासून फ्रेंचांचा अंमल होता. गल्लीतल्या मोकळ्या जागेत खेळता खेळता हा यतीम मुलगा आधी आयडियल क्लबमध्ये आणि मग यूएस मारोकेन या शहरातल्या नामवंत क्लबमध्ये पोहोचला.

उंचपुरा बांधा, दोन्ही पायांनी सारखीच किक, हेडिंग जबरदस्त. गोल करायचा आणि दुसऱ्याला करूनही द्यायचा, असा हा फॉरवर्ड. 1938 मध्ये फ्रान्सच्या मार्सेय क्लबने त्यांना बोलावून घेतलं, आणि काही महिन्यांतच ते फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात आले. 4 डिसेंबर 1938 रोजी नेपल्समध्ये पहिली मॅच. समोर त्याच वर्षी वर्ल्ड कप जिंकलेला इटलीचा संघ होता, आणि इटलीत तेव्हा मुसोलिनीचं राज्य होतं. फ्रान्स 1-0 ने हरला, पण या खेळाडूकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. वर्तमानपत्रांनी त्यांना 'काळा मोती' म्हणायला सुरुवात केली.

गाडी कुठे रुळावर येत होती तोच 1939 मध्ये महायुद्ध पेटलं. बेन बारेक घरी परतले. खेळाडूच्या उमेदीची वर्षं म्हणजे विशी ते तिशी. त्यांची ती वर्षं युद्धाने खाल्ली. ते आपल्या जुन्या क्लबकडून खेळत राहिले, पण मोठी मैदानं बंद होती.

1945 मध्ये ते पुन्हा फ्रान्सला गेले. या वेळी पॅरिसचा स्टाद फ्रान्से क्लब. तिथले कोच एलेनियो एरेरा, जे पुढे जगभर गाजले. 1948 मध्ये स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदने मोठी रक्कम मोजून बेन बारेक यांना नेलं. पुढच्या वर्षी एरेराही तिथे आले, आणि 1950 आणि 1951 अशी लागोपाठ दोन वर्षं अ‍ॅटलेटिकोने स्पॅनिश लीग जिंकली. त्या संघातल्या पाच फॉरवर्डना लोक 'काचेची फळी' म्हणायचे. त्या पाचांत हा मोरोक्कोचा माणूस होता.

पण स्पेनला गेल्यावर फ्रान्सच्या निवड समितीने पाठ फिरवली. सहा वर्षं बोलावणं आलं नाही. पस्तिशी ओलांडली, ते मार्सेयला परत आले, आणि 1954 मध्ये क्लबला फ्रेंच कपच्या फायनलपर्यंत नेण्यात त्यांचा वाटा होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अल्जीरियात मोठा भूकंप झाला. पीडितांच्या मदतीसाठी 7 ऑक्टोबरला पॅरिसमध्ये फ्रान्स विरुद्ध उत्तर आफ्रिका अशी मॅच ठेवली गेली. बेन बारेक या वेळी आपल्या मातीतल्या खेळाडूंबरोबर उभे राहिले, आणि उत्तर आफ्रिकेने फ्रान्सला 3-2 ने हरवलं. निवड समितीचे डोळे उघडले. नऊच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, ते पुन्हा फ्रान्सच्या जर्सीत होते. हॅनोव्हरमध्ये समोर पश्चिम जर्मनी, त्याच वर्षीचा जगज्जेता. फ्रान्स 3-1 ने जिंकला.

पहिली मॅच जगज्जेत्यांशी, शेवटचीही जगज्जेत्यांशी. मध्ये 15 वर्षं 10 महिने. फ्रान्ससाठी इतका लांब काळ दुसरं कुणी खेळलेलं नाही. आणि एकूण मॅच किती? फक्त 17. काही युद्धाने हिरावल्या, काही निवड करणाऱ्यांनी.

शेवटी अल्जीरियातल्या सीदी बेल अब्बेस शहराच्या क्लबकडून खेळून त्यांनी बूट काढले. 1956 मध्ये मोरोक्को आझाद झाला. 1957 मध्ये देशाचा पहिला राष्ट्रीय संघ उभा राहिला तेव्हा त्याला शिकवायला बेन बारेक होते. जी जर्सी त्यांना स्वतःला कधी घालता आली नाही, ती घातलेल्या पोरांना त्यांनी तयार केलं.

यानंतरची गोष्ट सांगताना मन जड होतं. वर्षं गेली, लोक विसरले. सप्टेंबर 1992 मध्ये कासाब्लांकातल्या आपल्या घरात त्यांचा इंतकाल झाला. घरी कुणी नव्हतं. कित्येक दिवस कुणाला खबरही लागली नाही. ज्याच्यासाठी तीन देशांची स्टेडियम भरायची, त्याचं दार ठोठावायला कुणी आलं नाही. 1998 मध्ये फिफाने त्यांना सन्मान दिला, तोही मरणोत्तर. आज कासाब्लांकात त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे.

नाव द्यायला कुणाची ना नाही. पण स्टेडियमची पाटी माणूस गेल्यावर लागते, विचारपूस मात्र तो असतानाच करावी लागते. आपल्याही मोहल्ल्यात एखादे जुने खेळाडू, एखादे निवृत्त उस्ताद, एखादी एकटी राहणारी खाला असेल. मुलांना बेन बारेक यांचे गोल जरूर सांगा. आणि येत्या रविवारी त्यांना बरोबर घेऊन त्या दारापर्यंत जाऊनही या.