ऑल्बनीतील तीन वर्षे

थिओडोर रूझवेल्ट म्हटले की अमेरिकेचे २६ वे अध्यक्ष, पनामा कालव्याचे पुरस्कर्ते आणि शिकारीचे शौकीन अशी त्यांची प्रतिमा डोळ्यांपुढे उभी राहते. मात्र या नेत्याची खरी जडणघडण व्हाइट हाऊस गाठण्याच्या तब्बल दोन दशके आधी, न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात झाली.

नोव्हेंबर १८८१ मध्ये ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले, तेव्हा त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. सभागृहातील ते सर्वांत तरुण सदस्य. घराणे गर्भश्रीमंत, शिक्षण हार्वर्ड विद्यापीठातले. त्या वर्तुळात राजकारण हा गुत्तेवाले आणि ट्रामचे कंडक्टर यांचा उद्योग मानला जाई. रूझवेल्ट यांनी मात्र दारूच्या गुत्त्यावरील माडीत भरणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या स्थानिक सभांना जाण्यास सुरुवात केली. जो मरे या आयरिश वंशाच्या मुरब्बी कार्यकर्त्याने त्यांना उमेदवारी मिळवून दिली.

राज्याची राजधानी असलेल्या ऑल्बनीत या चष्मेवाल्या, छानछोकीने राहणाऱ्या तरुणाची प्रथम थट्टाच झाली. ती फार दिवस टिकली नाही. न्यूयॉर्क शहरातील उन्नत रेल्वे ताब्यात घेण्यासाठी धनाढ्य भांडवलदार जे गूल्ड यांना न्यायमूर्ती वेस्टब्रुक यांनी साह्य केल्याचा संशय होता. न्यायालयाचे कामकाज त्यांनी चक्क गूल्ड यांच्या कार्यालयात चालविल्याचे प्रकरण गाजत होते. १८८२ च्या वसंतात रूझवेल्ट यांनी सभागृहात उभे राहून चौकशीची मागणी केली. चौकशी झाली, पण समितीच्या बहुमताने न्यायमूर्तींना अभय दिले. लढाई हरलेल्या रूझवेल्ट यांचे नाव मात्र वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. पुढच्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी, ते अल्पमतातील रिपब्लिकनांचे सभागृहनेते झाले.

तरीही या कारकिर्दीतील सर्वांत बोलका प्रसंग वेगळाच आहे. भाड्याच्या चाळींतील बिऱ्हाडांत सिगार वळण्याच्या धंद्यावर बंदी घालणारे विधेयक सभागृहापुढे आले होते. ते तपासणाऱ्या समितीत रूझवेल्ट होते आणि मनातून ते विधेयकाच्या विरोधात होते. मालकाने आपली मालमत्ता कशी वापरावी आणि कामगाराने काम कोठे करावे, यात सरकारने पडू नये, हे त्यांच्या वर्गाचे आणि शिक्षणाचे तत्त्वज्ञान होते. सिगार कामगारांचे पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स यांनी त्यांना प्रत्यक्ष चाळी पाहण्याचे आवाहन केले. रूझवेल्ट गेले. बोहेमियातून आलेली कुटुंबे एकेका खोलीत राहत, तेथेच स्वयंपाक करीत, तेथेच झोपत आणि तेथेच दिवस उजाडल्यापासून रात्र होईपर्यंत पोराबाळांसह सिगार वळत. एका खोलीत तर दोन कुटुंबे होती. अंथरुणाशेजारी तंबाखूचे ढीग आणि उरलेसुरले अन्न एकत्रच पडलेले. ते एकदा जाऊन थांबले नाहीत, पुन्हा पुन्हा गेले. परतल्यावर त्यांनी विधेयकाची बाजू घेतली, आणि पुढे डेमोक्रॅट गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्यासमोरही ती मांडली. क्लीव्हलँड साशंक होते, पण १८८३ मध्ये त्यांनी सही केली. तो कायदा न्यायालयात टिकला नाही. १८८४ मध्ये तो नव्याने करावा लागला.

त्याच वर्षी नियतीने घाला घातला. फेब्रुवारीत रूझवेल्ट ऑल्बनीत असताना कन्या झाल्याची तार आली. पाठोपाठ पत्नी अ‍ॅलिस अत्यवस्थ असल्याची. ते न्यूयॉर्कच्या घरी पोहोचले. १४ फेब्रुवारीस पहाटे विषमज्वराने आई गेली आणि त्याच घरात दुपारी मूत्रपिंडाच्या विकाराने पत्नी. रोजनिशीच्या त्या पानावर त्यांनी मोठी फुली मारली. तान्ही मुलगी बहिणीच्या हवाली करून काही दिवसांतच ते सभागृहात परतले आणि न्यूयॉर्कच्या महापौरांना नेमणुकांचे अधिकार देणारे विधेयक त्यांनी तडीस नेले. दुःख कामात बुडविण्याचा हा मार्ग होता, असे म्हणावे लागते. अ‍ॅलिसविषयी ते पुढे आयुष्यभर जवळजवळ बोललेच नाहीत.

जूनमध्ये शिकागोच्या पक्ष अधिवेशनात त्यांनी जेम्स ब्लेन यांच्या उमेदवारीला विरोध केला. ब्लेन जिंकले. सुधारणावादी मित्र पक्ष सोडून गेले, रूझवेल्ट मात्र पक्षातच राहिले. मित्रांनी त्यांना बराच काळ क्षमा केली नाही. विधिमंडळाची कारकीर्द तेथेच आटोपली आणि ते डाकोटातील गुरांच्या कुरणांकडे निघून गेले.

जानेवारी १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सिगारचा दुसरा कायदाही घटनाबाह्य ठरविला. घरात बसून आपला धंदा करण्याच्या कामगाराच्या स्वातंत्र्यावर त्यामुळे गदा येते, असे न्यायमूर्तींचे मत पडले. रूझवेल्ट यांनी त्या खोल्या पाहिल्या होत्या. हा निकाल त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. १९१२ मध्ये अध्यक्षपदासाठी पुन्हा रिंगणात उतरताना, कायदे घटनाबाह्य ठरविणारे राज्य न्यायालयांचे निकाल फिरविण्याचा अधिकार मतदारांना हवा, अशी मागणी त्यांनी केली. तिने त्यांच्याच पक्षातील अनेक जुने सहकारी दुरावले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातही त्यांनी त्या चाळींची हकीकत सविस्तर नोंदवली.