चेनसॉ एका माणसाच्या हातात आणणारे आंद्रेआस श्टील

दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका वरून सरळ कापत गेलं, की करवत मध्येच अडकते. कारण मधला भाग स्वतःच्या वजनाने खाली वाकतो आणि वरची फट पात्यावर मिटते. म्हणून वरून साधारण एक तृतीयांश कापायचं आणि उरलेलं खालून वर. (एक टोक अधांतरी असेल, तर क्रम उलटा.) खालून जागाच नसेल, तर फटीत पाचर ठोकायची. पण यंत्रच अवजड असेल, तर ते ओंडक्याखाली धरणार कोण?

१८९६ साली झुरिकमध्ये जन्मलेल्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला आपला व्यवसाय सुरू केला. त्यांची पहिली, विजेवर चालणारी चेनसॉ ओंडक्यांचे तुकडे करण्यासाठीच होती. पण ती चालवायला दोन माणसं लागत. १९२९चं पेट्रोलवरचं यंत्रही ४६ किलोंचं! श्टील नाझी पक्षाचे सदस्य होते आणि युद्धानंतर त्यांना अटकेत राहावं लागलं. पुढे १९५० मध्ये त्यांच्या कंपनीने एकट्याने पेलता येईल अशी, सुमारे १६ किलोंची पेट्रोल चेनसॉ आणली. १९५९ची ‘कॉन्ट्रा’ तर १२ किलोंच्या आसपास होती. आता पातं ओंडक्याखाली घालून वर कापत येणं एकट्या माणसाला जमू लागलं. १९७३ मध्ये श्टील यांचं निधन झालं.