बाबासाहेब आंबेडकर: आर्थिक विषमतेविषयीचे विचार व कार्य

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल, इ.स. १८९१ – ६ डिसेंबर, इ.स. १९५६) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, समाजसुधारक व राजकारणी होते. ते भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री होते. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यासाठी ते सर्वाधिक ओळखले जातात. मात्र त्यांचे मूळ शिक्षण अर्थशास्त्राचे होते. मताचा समान अधिकार मिळालेल्या देशात संपत्ती व सामाजिक दर्जा यांतील दरी कायम राहिली, तर लोकशाही टिकणार नाही, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर मांडली. इ.स. १९५४ मध्ये त्यांनी ज्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्या भंडारा जिल्ह्यात आजच्या गोंदिया जिल्ह्याचाही समावेश होता.

प्रारंभिक जीवन

आंबेडकरांचा जन्म महू येथील लष्करी छावणीत झाला. रामजी मालोजी सकपाळ व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे आणि महार जातीचे होते. वडील सैन्यात सुभेदार होते. त्यांच्या निवृत्तीनंतर कुटुंब दापोली, सातारा आणि पुढे मुंबई येथे राहिले. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे व पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. मुंबईत हे कुटुंब परळ भागातील चाळींत राहत होते. विद्वान म्हणून नाव झाल्यानंतरही अनेक वर्षे त्यांचे वास्तव्य गिरणी कामगारांच्या या वस्तीतच होते.

इ.स. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. इ.स. १९१२ मध्ये त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी.ए.ची पदवी मिळवली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते इ.स. १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

अर्थशास्त्राचा अभ्यास

कोलंबियात आंबेडकरांनी इ.स. १९१५ मध्ये एम.ए. पूर्ण केले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध इ.स. १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व त्यासाठी त्यांना इ.स. १९२७ मध्ये पीएच.डी. मिळाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचे शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने इ.स. १९१७ मध्ये अर्धवट राहिले. भारतात परतल्यावर बडोद्याच्या नोकरीत असताना जातीमुळे त्यांना राहण्यासाठी जागा मिळाली नाही. त्यानंतर त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे अध्यापन केले आणि पैसे जमवून इ.स. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इ.स. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. पदवी मिळाली.

भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावरचा त्यांचा निबंध इ.स. १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे एकत्र करण्याची चर्चा तेव्हा जोरात होती. आंबेडकरांच्या मते केवळ शेताचा आकार हे दुखणे नव्हते. भांडवल तुटपुंजे आणि जमिनीवर अवलंबून असणारी माणसे प्रमाणाबाहेर, हे खरे कारण होते. काम नसलेले हात शेतीवर पडून राहतात आणि शिल्लक उत्पन्न खाऊन टाकतात. म्हणून उद्योगधंद्यांची वाढ हाच शेतीवरचाही उपाय आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

रुपयाच्या प्रश्नाकडेही त्यांनी वर्गीय हिताच्या दृष्टीने पाहिले. इ.स. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांची साक्ष झाली. रुपयाचा विनिमय दर खाली ठेवल्याने व्यापारी व निर्यातदार यांना होणारा लाभ देशाबाहेरून येत नाही, तर चलनाचे मूल्य घसरून मजुरी करणाऱ्यांच्या खिशातून येतो, असे प्रतिपादन त्यांनी या काळात केले. किमतींचे स्थैर्य ही गरिबांची गरज आहे, हा या विवेचनाचा गाभा होता.

जात आणि श्रम

इ.स. १९२७ चा महाडचा चवदार तळे सत्याग्रह आणि इ.स. १९३० पासूनचा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यांमुळे आंबेडकर अस्पृश्यांचे निर्विवाद नेते बनले. इ.स. १९३२ मध्ये पुणे करार झाला. जातिनिर्मूलनावरील इ.स. १९३६ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी जातिव्यवस्थेच्या आर्थिक समर्थनाचा समाचार घेतला. जात म्हणजे कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत केलेली विभागणी आहे. ती माणसाला योग्यतेनुसार धंदा बदलू देत नाही व बेकारी वाढवते, असे त्यांनी दाखवून दिले. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. कामगार चळवळीने हा भेद दुर्लक्षिला, ही त्यांची तक्रार होती.

इ.स. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाने १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात लक्षणीय यश मिळवले. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी आंबेडकरांनी कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. हे विधेयक संमत झाले नाही. खोती पुढे इ.स. १९४९ च्या कायद्याने संपली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांसमवेत एक दिवसाचा संप घडवून आणला.

मजूरमंत्री

इ.स. १९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सेवायोजन कार्यालयांची उभारणी, कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ४८ पर्यंत कमी करणे आणि दामोदर खोरे प्रकल्पाची पूर्वतयारी ही या काळातील त्यांच्या खात्याची प्रमुख कामे होत. ११ एप्रिल १९४६ रोजी किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात सादर झाले. त्याचे रूपांतर इ.स. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात झाले. या कायद्याच्या मूळ अनुसूचीत विडी उद्योगाचा समावेश होता. तेंदूपाने गोळा करणे व घरी बसून विड्या वळणे यांवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालणाऱ्या गोंदिया–भंडारा परिसराशी या तरतुदीचा थेट संबंध होता.

संविधान आणि इशारा

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने आंबेडकरांनी संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीला एक निवेदन सादर केले. मूलभूत उद्योग व विमा व्यवसाय राज्याच्या मालकीचा असावा. शेती हा राज्याचा उद्योग असावा. भरपाईदाखल रोखे देऊन जमीन ताब्यात घ्यावी व ती जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसण्यास द्यावी, अशी योजना त्यात होती. त्यामुळे जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नव्हते. ही योजना साध्या कायद्याऐवजी संविधानातच नमूद व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. कारण साधा कायदा पुढचे बहुमत बदलू शकते. संविधान सभेने ही योजना स्वीकारली नाही. संपत्तीचे केंद्रीकरण रोखणे, उपजीविकेची साधने व निर्वाह वेतन यांविषयीच्या तरतुदी मार्गदर्शक तत्त्वांत आल्या; त्या न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, आंबेडकरांनी संविधान सभेत समारोपाचे भाषण केले. घटनाबाह्य मार्ग सोडून द्यावेत, राजकारणात व्यक्तिपूजा करू नये आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नये, या तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. २६ जानेवारी १९५० पासून देश एका विसंगतीत प्रवेश करील, असे त्यांनी बजावले. प्रत्येकाच्या मताला सारखे मोल येईल, पण सामाजिक व आर्थिक जीवनात माणसामाणसाचे मोल विषमच राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेची झळ पोचलेले लोक कष्टाने उभारलेली लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, असा या भाषणाचा आशय होता.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू संहिता विधेयक रखडणे हे त्याचे प्रमुख कारण होते. राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी आणखी एक खंत नोंदवली: अर्थशास्त्राचे शिक्षण असूनही त्यांना नियोजन खाते किंवा मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीत स्थान मिळाले नव्हते.

भंडारा पोटनिवडणूक, १९५४

इ.स. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत आंबेडकर उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभूत झाले. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. लोकसभेत जाण्याची दुसरी संधी भंडाऱ्यात आली.

भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. धानाची शेती, मालगुजारांनी राखलेले तलाव, जंगल आणि विडी उद्योग ही त्याची आर्थिक ओळख होती. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी कायद्याने संपली, परंतु भूमिहीन शेतमजुरांना त्यामुळे आपोआप जमीन मिळाली नाही.

भंडारा हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. इ.स. १९५२ मध्ये तेथून चतुर्भुज विठ्ठलदास जसानी सर्वसाधारण जागेवर निवडून आले. ते भागीदार असलेल्या विडी कंपनीचे सरकारशी सैनिकांना विड्या पुरवण्याचे करार होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये या हितसंबंधामुळे त्यांना अपात्र ठरवले. राखीव जागेवरील उमेदवार गंगाराम ठवरे यांचा अर्ज महानुभाव पंथ स्वीकारल्याच्या कारणावरून फेटाळला गेला होता. पंथ स्वीकारल्याने ते महार जातीबाहेर गेले नाहीत, असेही न्यायालयाने ठरवले. निवडणूक रद्द होऊन दोन्ही जागांसाठी पोटनिवडणूक झाली.

राखीव जागेवर आंबेडकर उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उमेदवार होते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत हे दोघे सहकारी उमेदवार होते. प्रकृती खालावलेली असतानाही आंबेडकरांनी जिल्ह्यात प्रचार केला. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. पहिले मत आंबेडकरांना देऊन दुसरे मत वाया घालवावे, म्हणजे त्यांचा विजय सुकर होईल, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला. तो त्यांनी मानला नाही, अशी आठवण त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितली आहे. मे १९५४ मध्ये झालेल्या मतदानात अशोक मेहता विजयी झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि आंबेडकर पराभूत झाले. यानंतर ते राज्यसभेचे सदस्य राहिले, परंतु लोकसभेत कधीही पोहोचले नाहीत.

अखेरची वर्षे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरलगतच्या भंडारा–गोंदिया भागातही हे धर्मांतर मोठ्या प्रमाणावर झाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे त्यांनी बुद्ध व कार्ल मार्क्स यांची तुलना करणारे भाषण दिले. शोषणाचा अंत हे दोघांचेही ध्येय आहे, मात्र हिंसा व हुकूमशाही यांच्या बळावर आणलेली समता टिकाऊ नसते, असे त्यांचे मत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

इ.स. १९५७ मध्ये त्यांच्या अनुयायांनी रिपब्लिकन पक्षाची स्थापना केली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली या पक्षाने इ.स. १९६४–६५ मध्ये भूमिहीनांना जमीन मिळावी यासाठी देशव्यापी सत्याग्रह केला. इ.स. १९९० मध्ये आंबेडकरांना मरणोत्तर भारतरत्न सन्मान देण्यात आला.

भंडारा जिल्हा इ.स. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व इ.स. १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पुढे केंद्र शासनाने मागास प्रदेश अनुदान निधीसाठी महाराष्ट्रातील जे १२ जिल्हे निवडले, त्यांत गोंदिया व भंडारा या दोन्ही जिल्ह्यांचा समावेश होता. गोंदिया जिल्ह्याचे देवरी व सालेकसा हे जंगलव्याप्त तालुके दीर्घकाळ नक्षलवादी हिंसाचाराने प्रभावित राहिले. दारिद्र्य, जमिनीचे प्रश्न आणि राज्यव्यवस्थेचे स्थैर्य यांच्या परस्परसंबंधाची चर्चा करताना आंबेडकरांच्या १९४९ च्या भाषणाचा संदर्भ आजही दिला जातो.