सरहद्दीवरील सत्याग्रही

आज पाकिस्तानात असलेल्या पेशावरच्या खोऱ्यात पठाणांची वस्ती आहे. पूर्वी तेथे मुलगा जाणता झाला की त्याच्या हाती बंदूक येई आणि तिच्याबरोबर घराण्याचे जुने वैरही येई. आजोबांच्या खुनाचा सूड नातवाने घ्यावयाचा. जो घेणार नाही तो भित्रा, अशी समजूत. याच मुलखातील उतमानझाई गावी १८९० साली अब्दुल गफारखान यांचा जन्म झाला. त्यांचे वडील बेहरामखान यांनी मात्र आपल्या वैऱ्यांना क्षमा केली होती. मुलाच्या पुढील आयुष्याचे बीज येथेच असावे.

तरुणपणी त्यांना सैन्यात अधिकाऱ्याची जागा मिळत होती. परंतु एका गोऱ्याने देशी अधिकाऱ्याचा केलेला पाणउतारा त्यांनी पाहिला आणि त्या मानाच्या नोकरीकडे पाठ फिरविली. १९१० साली त्यांनी आपल्या गावी शाळा काढली. शिक्षणाचे महत्त्व पटवीत ते खेडोपाडी हिंडू लागले. लोक त्यांना प्रेमाने बादशहाखान म्हणू लागले.

१९२९ साली त्यांनी खुदाई खिदमतगार, म्हणजे ईश्वराचे सेवक, ही संघटना स्थापिली. पांढरे कपडे लवकर मळत, म्हणून सेवकांनी ते विटकरी रंगात बुडविले. प्रत्येक सेवकाला शपथ घ्यावी लागे. शस्त्र उचलणार नाही, एवढ्यावर ती थांबत नसे. सूड घेणार नाही, छळणाऱ्याला क्षमा करीन, भांडणे व वैर सोडीन, असेही तिच्यात होते. गोळी झाडणे ही हिंसा खरीच. पण वर्षानुवर्षे मनात वैर जपणे हीसुद्धा हिंसाच, असा या शपथेचा अर्थ होता. मग अन्याय मुकाट्याने सोसावयाचा काय? मुळीच नाही. अन्यायी हुकूम मोडावयाचा, त्याची शिक्षा भोगावयाची; पण हात उगारावयाचा नाही आणि पाठही दाखवावयाची नाही. बंदुकीवाचून शूर राहणे पठाणाला किती अवघड गेले असेल! प्रेषित महंमदांनी मक्केत छळ सोसताना हाच धीर धरला होता, असे बादशहाखान त्यांना समजावीत.

२३ एप्रिल १९३० रोजी या शपथेची कसोटी लागली. सरकारने पुढाऱ्यांना पकडले, तेव्हा पेशावरच्या किस्साखानी बाजारात लोक जमले. चिलखती मोटारी गर्दीत घुसल्या व माणसे चिरडली गेली. त्या गोंधळात एक गोरा शिपाई मेला, एक मोटार जळाली. हेही सांगितलेच पाहिजे. मग गोळीबार सुरू झाला. तरीही पुष्कळ लोक निःशस्त्र उभे राहिले. पुढचे पडले की मागचे पुढे येत. तेथे आणलेल्या गढवाली पलटणीतील चंद्रसिंग व त्यांच्या सोबत्यांनी अशा लोकांवर गोळी झाडण्याचे नाकारले. त्याबद्दल चंद्रसिंगांना जन्मठेप झाली.

१९३४ साली बादशहाखान तुरुंगातून सुटले, पण त्यांना स्वतःच्या प्रांतात जाण्याची बंदी होती. तेव्हा ते वर्ध्यास गांधीजींजवळ राहिले. मुंबईत केलेल्या एका भाषणासाठी त्यांना त्याच वर्षी वर्ध्यातच अटक झाली व दोन वर्षांची शिक्षा मिळाली.

देशाची फाळणी त्यांना मान्य नव्हती. १९४७ नंतर पाकिस्तान सरकारनेही त्यांना कित्येक वर्षे बंदीत ठेविले. १९८७ साली भारताने त्यांना भारतरत्न हा किताब दिला. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अफगाणिस्तानातील जलालाबाद येथे पुरण्यात आले. त्या देशात तेव्हा युद्ध चालू होते. अंत्यविधीपुरत्या दोन्ही बाजूंनी बंदुका थांबविल्या आणि खैबर खिंडीतून हजारो लोक त्यांच्या अंत्ययात्रेस गेले. तरीही त्या दिवशी तेथे स्फोट झाले, आणि काही माणसे परत आली नाहीत.