नाव विकले गेले, हात राहिला : वॉल्टर ओवेन बेंटली

ब्रिटनच्या बेंटली कंपनीने जून २०२४ मध्ये आपल्या कॉन्टिनेंटल जीटी या आलिशान मोटारीची चौथी आवृत्ती जगापुढे आणली आणि मोटारप्रेमींमध्ये मतांची मोठी देवाणघेवाण सुरू झाली. दोन दारांची, उतरत्या छपराची, चार माणसांना लांब पल्ल्याचा प्रवास वेगाने आणि आरामात घडवणारी अशी ही मोटार ‘ग्रँड टूरर’ या वर्गात मोडते. नव्या आवृत्तीत पुढचे जोडदिवे जाऊन प्रत्येक बाजूला एकेकच दिवा आला. बारा सिलिंडरांचे इंजिन निवृत्त झाले आणि त्याच्या जागी आठ सिलिंडरांचे इंजिन व विजेची मोटर यांची जोडी बसवण्यात आली. दोघांची मिळून शक्ती ७८२ अश्वशक्ती एवढी आहे. कोणाला हा चेहरा प्रसन्न वाटला, तर कोणाला अनोळखी. कोणी विजेवर शांतपणे धावण्याच्या क्षमतेचे स्वागत केले, तर कोणी बॅटरीमुळे वजन २ हजार ४०० किलोग्रॅमच्या वर गेल्याबद्दल नाराजी व्यक्त केली.

ही बेंटली खरी बेंटली आहे काय, हा प्रश्न या साऱ्या चर्चेच्या मुळाशी आहे. मात्र तो नवा नाही. ज्यांचे नाव या मोटारीवर आहे, त्या वॉल्टर ओवेन बेंटली यांच्या हयातीतच तो उभा राहिला होता आणि त्याचे सर्वांत कठोर उत्तर त्यांनाच मिळाले होते.

आगगाडीच्या इंजिनापासून आरंभ

वॉल्टर ओवेन बेंटली यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. घरची परिस्थिती सधन होती. पुढे आयुष्यभर ते आपल्या नावाच्या आद्याक्षरांनीच, म्हणजे ‘डब्ल्यू. ओ.’ म्हणून ओळखले गेले. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजमध्ये त्यांचे शिक्षण सुरू होते. पण मन रमत होते ते आगगाड्यांत. वयाच्या सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते डॉनकास्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात शुल्क भरून शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाले.

पाच वर्षांच्या या उमेदवारीने त्यांना ओतकाम, यंत्रकाम आणि जुळणीकाम यांचे धडे दिले. अखेरच्या काळात त्यांनी वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकण्याचेही काम केले. अवजड यंत्र दिवसभर न कुरकुरता चालले पाहिजे, त्याचा प्रत्येक भाग गरजेहून थोडा अधिक मजबूत असला पाहिजे, ही त्यांची धारणा येथेच पक्की झाली. पुढे त्यांनी घडवलेल्या मोटारींत आगगाडीच्या इंजिनाचा हा भारदस्तपणा कायम दिसत राहिला.

रेल्वेत उत्पन्नाची आणि बढतीची फारशी आशा नसल्याने १९१० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. दरम्यान मोटारसायकलच्या शर्यतींचा छंद जडला होता. लंडनमधील एका टॅक्सी कंपनीत काही काळ देखभालीचे काम केल्यावर १९१२ मध्ये त्यांनी बंधू होरेस यांच्यासह डीएफपी या फ्रेंच मोटारींच्या विक्रीचा व्यवसाय हाती घेतला.

एक छोटी वस्तू, एक मोठी कल्पना

१९१३ मध्ये फ्रान्समधील डीएफपीच्या कार्यालयात त्यांच्या नजरेस ॲल्युमिनियमची एक छोटी वस्तू पडली. ती होती कागदांवर ठेवण्याचे वजन. त्या काळी इंजिनातील पिस्टन प्रामुख्याने लोखंडाचे असत. ॲल्युमिनियम हलके असते आणि उष्णता लवकर वाहून नेते. मग त्याचेच पिस्टन का करू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळून असे पिस्टन तयार करण्यात आले. ते बसवलेल्या डीएफपी मोटारीने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर विक्रम नोंदवले.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा बेंटली यांनी हे ज्ञान स्वतःपुरते ठेवले नाही. नौदलाच्या हवाई विभागात दाखल होऊन त्यांनी रोल्स-रॉइस आणि सनबीम यांसारख्या इंजिन-उत्पादकांना ॲल्युमिनियमच्या पिस्टनांची माहिती दिली. त्यानंतर त्यांनी स्वतः विमानाचे इंजिन तयार केले. बीआर १ हे इंजिन सॉपविथ कॅमल विमानांत आणि त्याहून शक्तिमान बीआर २ हे सॉपविथ स्नाइप विमानांत वापरले गेले. या कार्याबद्दल त्यांना एमबीई हा सन्मान व पुढे ८ हजार पौंडांचे पारितोषिक मिळाले.

शोकात उभी राहिलेली कंपनी

१९१९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दुहेरी ठरले. याच वर्षी बेंटली मोटर्सची स्थापना झाली आणि याच वर्षी त्यांच्या पत्नी लिओनी यांचे इन्फ्लुएंझाच्या साथीत निधन झाले. विवाहाला जेमतेम पाच वर्षे झाली होती. बेंटली यांनी स्वतःला कामात झोकून दिले. एफ. टी. बर्जेस आणि हॅरी व्हार्ली या अभियंत्यांच्या साहाय्याने त्यांनी तीन लिटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन सिद्ध केले. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आणि दोन ठिणगी-प्लग, ही रचना तत्कालीन रस्त्यावरच्या मोटारींत विरळाच होती.

१९१९ च्या अखेरीस लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात पहिली चॅसी मांडण्यात आली. ग्राहकाच्या हाती पहिली मोटार पडायला मात्र सप्टेंबर १९२१ उजाडला. उत्तर लंडनमधील क्रिकलवुड येथे कारखाना उभा राहिला. कंपनी केवळ चॅसी आणि इंजिन बनवत असे. वरचा सांगाडा ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घेई. चॅसीला पाच वर्षांची हमी होती. बेंटली यांचा आपल्या कामावर किती विश्वास होता, हे त्यातून दिसते.

ल मान्सचे दिवस

फ्रान्समधील ल मान्स येथे १९२३ मध्ये चोवीस तासांची शर्यत प्रथमच भरली. इतका वेळ मोटार पळवणे हा वेडेपणा आहे, असे बेंटली यांचे मत होते. जॉन डफ या ग्राहकाने आपली मोटार तेथे नेली आणि फ्रँक क्लेमंट यांच्या साथीने चौथे स्थान मिळवले. शर्यत पाहायला गेलेले बेंटली मत बदलूनच परतले. पुढच्याच वर्षी याच जोडीने विजय मिळवला.

१९२७ च्या शर्यतीत रात्रीच्या वेळी एका वळणावर तिन्ही बेंटली मोटारी अपघातात सापडल्या. त्यांपैकी एक मोडक्या दिव्यानिशी आणि वाकलेल्या भागांनिशी पुढे निघाली. डॉक्टर डडली बेंजाफील्ड आणि पत्रकार सॅमी डेव्हिस यांनी तीच मोटार पहिली आणली. त्यानंतर १९२८, १९२९ आणि १९३० असे सलग विजय मिळाले. १९२९ मध्ये तर पहिले चारही क्रमांक बेंटलीचे होते.

मात्र विजयाच्या झगमगाटामागे तिजोरी रिकामी होती. बेंटली उत्तम अभियंते होते, पण भांडवलाची तंगी कंपनीच्या जन्मापासून होती. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या संपत्तीचे वारस वुल्फ बार्नाटो यांनी १९२६ मध्ये पैसा ओतून कंपनी सावरली आणि ते अध्यक्ष झाले. ते स्वतः निष्णात चालक होते आणि १९२८ ते १९३० या तिन्ही विजयी मोटारींचे सारथ्य त्यांनी केले. परंतु आपल्याच कंपनीत अखेरचा शब्द आता बेंटली यांचा राहिला नाही.

याचा प्रत्यय ‘ब्लोअर’ प्रकरणात आला. चालक टिम बर्किन यांना साडेचार लिटरच्या इंजिनाला जादा हवा पुरवणारा सुपरचार्जर जोडायचा होता. शक्ती हवी असेल तर इंजिनच मोठे करावे, वरून हवा कोंबू नये, अशी बेंटली यांची भूमिका होती. त्यांचा विरोध डावलून अशा ५० मोटारी तयार झाल्या. त्या अफाट प्रसिद्ध झाल्या, पण ल मान्स जिंकू शकल्या नाहीत. तेथे विजयी ठरली ती बेंटली यांची साडेसहा लिटरची स्पीड सिक्स. आज मात्र छायाचित्रांतून सर्वाधिक मिरवते ती ब्लोअरच.

आगगाडीशी लागलेली पैज

मार्च १९३० मध्ये बार्नाटो यांनी पैज लावली की, कान शहरातून निघणारी ‘ब्लू ट्रेन’ ही आगगाडी कॅले बंदरात पोहोचण्यापूर्वी आपण मोटारीने थेट लंडन गाठू. रात्रभर पावसापाण्यातून मोटार हाकून, समुद्र ओलांडून ते लंडनमधील क्लबात पोहोचले, तेव्हा आगगाडीला कॅले गाठायला चार मिनिटे बाकी होती. उतरत्या छपराच्या एका देखण्या कूपेने ही पैज जिंकली, असे चित्रांतून आणि लेखांतून अनेक दशके सांगितले गेले. वस्तुतः ती कूपे शर्यतीनंतर तयार झाली; पैज जिंकणारी मोटार साधी चार दारांची सलून होती. तरीही आजच्या कॉन्टिनेंटल जीटीचे बीज लोक या कथेत शोधतात, कारण खंड ओलांडण्याचा आनंद हाच ग्रँड टूररचा आत्मा आहे.

लखोट्यातील बोली

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जागतिक मंदी आली. अशा काळात, १९३० मध्ये, बेंटली यांनी आठ लिटरची आपली सर्वांत भव्य मोटार बाजारात आणली. प्रशस्त सांगाडा चढवूनही ती ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठत असे. तिच्या केवळ १०० चॅसी बनल्या. बार्नाटो यांनी आणखी पैसे घालण्यास नकार दिला आणि जुलै १९३१ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली.

नेपियर ही कंपनी बेंटली मोटर्स विकत घेणार, हे जवळपास ठरले होते. बेंटली यांनी नव्या मोटारीच्या आराखड्याचे कामही सुरू केले होते. पण न्यायालयात ‘ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट’ या अपरिचित संस्थेने अनपेक्षित बोली लावली. बंद लखोट्यांतील बोलींत ती सरस ठरली. या संस्थेमागे रोल्स-रॉइस आहे, हे बेंटली यांना नंतर कळले. युद्धकाळात ज्यांना त्यांनी पिस्टनचे ज्ञान दिले होते, त्यांच्याच मालकीचे आता त्यांचे नाव झाले. त्यांचा नोकरीचा करारही मालमत्तेबरोबर हस्तांतरित झाला. रोल्स-रॉइसमध्ये त्यांना रचनेचे काम न देता मुख्यतः मोटारींच्या चाचण्यांचे काम देण्यात आले.

नाव एकीकडे, हात दुसरीकडे

१९३५ मध्ये करार संपताच ते लॅगोंडा कंपनीत गेले. योगायोग असा की, ही डबघाईला आलेली कंपनी ॲलन गुड यांनी रोल्स-रॉइसपेक्षा अधिक बोली लावून विकत घेतली होती. तेथे बेंटली यांच्या नेतृत्वाखाली बारा सिलिंडरांचे इंजिन तयार झाले. या इंजिनाच्या दोन लॅगोंडा मोटारींनी १९३९ मध्ये ल मान्स येथे तिसरा आणि चौथा क्रमांक पटकावला.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॅगोंडाने नव्या मोटारीच्या नावात बेंटली हा शब्द जोडण्याचे ठरवले, तेव्हा रोल्स-रॉइसने न्यायालयात धाव घेतली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. मोटार स्वतः घडवूनही तिला स्वतःचे नाव देण्याचा अधिकार बेंटली यांना उरला नव्हता.

१९४७ मध्ये उद्योगपती डेव्हिड ब्राउन यांनी ॲस्टन मार्टिन आणि लॅगोंडा या दोन्ही कंपन्या घेतल्या. लॅगोंडा घेण्यामागे मोठे आकर्षण होते ते बेंटली यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या २.६ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाचे. हेच इंजिन १९५० मध्ये बाजारात आलेल्या ॲस्टन मार्टिन डीबी २ या कूपेत बसले. इकडे रोल्स-रॉइसने १९५२ मध्ये बेंटली आर-टाइप कॉन्टिनेंटल ही देखणी, वेगवान कूपे आणली. तिच्या २०८ मोटारी तयार झाल्या. अशा रीतीने ब्रिटनच्या दोन थोर ग्रँड टूररांपैकी एकीवर बेंटली यांचे नाव होते पण हात नव्हता. दुसरीत हात होता पण नाव नव्हते.

अखेरचे पर्व

१९५८ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. जुन्या बेंटली मोटारी जिवापाड जपणाऱ्या मालकांच्या मंडळात त्यांना मानाचे स्थान होते. क्रिकलवुडच्या सुमारे ३ हजार मोटारींपैकी अनेक मोटारी त्यांच्या उतारवयातही रस्त्यावर धावत होत्या. १३ ऑगस्ट १९७१ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते.

१९९८ मध्ये बेंटली कंपनी जर्मनीच्या फोक्सवॅगनकडे गेली. २००३ मध्ये पहिली कॉन्टिनेंटल जीटी रस्त्यावर आली आणि त्याच वर्षी बेंटलीने ७३ वर्षांनी पुन्हा ल मान्स जिंकले.

नव्या मोटारीच्या वजनाबद्दल आज जे बोलले जाते, तेच विसाच्या दशकात त्यांच्या मोटारींबद्दलही बोलले जात असे. फ्रेंच मोटारींच्या तुलनेत त्या धिप्पाड मालमोटारीच वाटतात, असा टोमणा त्या काळापासून प्रसिद्ध आहे. चोवीस तासांच्या अखेरीस मात्र त्याच मोटारी पुढे असत. दिवा एक असावा की दोन, यावर वाद होत राहील. बेंटली यांची स्वतःची कसोटी साधी होती : यंत्र रात्रभर चालले पाहिजे आणि सकाळी पुन्हा निघाले पाहिजे. नव्या कॉन्टिनेंटलवरचा अखेरचा निर्णयही प्रदर्शनाच्या मंचावर लागणार नाही. काही वर्षांनी, लांबच्या रस्त्यावरच तो लागेल.